कलासंग्रहालयाची सहल : पूर्वतयारी, दर्शन व अनुधावन

प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात सहलीला निश्चित स्थान आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शाळांच्या सहली बहुधा एखाद्या किल्ल्याकडे, देवस्थानाकडे, धरणाकडे किंवा मुंबईस जातात. मुंबईच्या सहलीत राणीची बाग, गेटवे ऑफ इंडिया, समुद्र व वस्तुसंग्रहालय असा क्रम ठरलेला असतो. त्यांपैकी संग्रहालयाच्या वाट्याला पाऊण तासाहून अधिक वेळ क्वचितच येतो. मुले दोन-दोनच्या रांगेने एका दारातून आत शिरतात आणि ‘चला, पुढे चला’ या सूचनेच्या जोरावर दुसऱ्या दारातून बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी निबंध लिहावयास सांगितला म्हणजे समुद्राविषयी पानभर मजकूर येतो आणि संग्रहालयाविषयी ‘तेथे पुष्कळ जुन्या वस्तू होत्या’ एवढेच एक वाक्य येते.

यात मुलांचा दोष नाही. पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या म्हशाच्या जत्रेत मूल फिरते, तेव्हा गुरे, घोंगड्या, खेळणी व पाळणे यांच्या गर्दीत त्याचे डोळे भरून जातात. तेथे तसेच फिरावयाचे असते. परंतु संग्रहालयातही ते तसेच फिरले, तर त्याच्या मनात काहीही उरत नाही. संग्रहालय कसे पाहावे हे शिकवावे लागते आणि ते शिकविण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे.

ही जबाबदारी या दोन तालुक्यांत अधिकच मोठी आहे. येथील कित्येक मुलांचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा अन्य मजुरीवर जातात. सहलीची वर्गणी ही अशा घराची एका दिवसाची मजुरी असू शकते, आणि प्राथमिक शाळेच्या साऱ्या वर्षांत कलासंग्रहालयाची भेट एकदाच घडण्याचा संभव असतो. शिवाय चित्र, शिल्प या शहरातील शिकलेल्या लोकांच्या गोष्टी आहेत, आपला त्यांच्याशी संबंध नाही, अशी समजूत मुलाच्या मनात नकळत घर करून असते. एका दिवसाच्या भेटीने ही समजूत दूरही होऊ शकते आणि पक्कीही होऊ शकते. यास्तव या भेटीचा विचार एखाद्या पाठासारखाच करावा. पाठाचे सूत्र एकच : थोडे पाहावे, पण नीट पाहावे.

१. संग्रहालय कशासाठी?

हा प्रश्न प्रथम गावातच सोडवावा. मुरबाड तालुक्यातून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या नाणेघाटाचे उदाहरण त्यासाठी उत्तम आहे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेल्या या लेखात यज्ञांचे व त्या वेळी दिलेल्या दानांचे वर्णन असून दानांची संख्या अंकांत कोरलेली आहे. त्याच लेण्यात एका भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्तींच्या वर कोरलेली नावे राहिली. मूर्ती मात्र नष्ट झाल्या, आणि त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. सिमुक, सातकर्णी व नागनिका यांचे चेहरे आज कोणालाही पाहता येत नाहीत.

ही हकीकत सांगून शिक्षकाने विचारावे : या मूर्ती कोणी जपल्या असत्या तर काय झाले असते? जपणे म्हणजे काय करणे? या प्रश्नांची उत्तरे मुले स्वतःच देतात. जे माणसाने मन लावून केले ते नाहीसे होऊ नये आणि पुढच्यांना पाहावयास मिळावे, म्हणून संग्रहालय असते. एवढे मुलांच्या मनात ठसले म्हणजे ‘जुन्या वस्तूंचे कोठार’ ही कल्पना आपोआप मागे पडते.

२. स्थायी दालन व तात्पुरते प्रदर्शन

संग्रहालयात दोन प्रकारची मांडणी असते. स्थायी दालनातील वस्तू वर्षानुवर्षे आपल्या जागी असतात. तात्पुरते प्रदर्शन मात्र काही दिवस किंवा काही महिने राहून उठते. सहलीच्या आखणीत या दुसऱ्या प्रकाराकडे बहुधा लक्ष दिले जात नाही. वास्तविक त्यामागची कारणे मुलांना समजण्याजोगी आहेत.

पहिले कारण जागेचे. मोठ्या संग्रहालयाकडे असलेल्या वस्तूंपैकी थोड्याच वस्तू दालनांत मांडता येतात. उरलेल्या भांडारात ठेवलेल्या असतात. तात्पुरत्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या बाहेर येतात.

दुसरे कारण उजेडाचे. कागदावरील रंग, कापडावरील रंग व शाई उजेडाने फिकी पडते आणि एकदा गेलेला रंग परत येत नाही. अंगणात रोज वाळत घातलेल्या लुगड्याचा रंग जसा उडतो, तसेच हे आहे. भर दुपारच्या उन्हात एक लक्ष लक्सच्या आसपास उजेड असतो. नाजूक चित्रांच्या दालनात तो सुमारे ५० लक्सवर ठेवण्याचा प्रघात आहे. एवढ्या मंद उजेडातही रंग हळूहळू झिजतोच. म्हणून अशी चित्रे थोडे दिवस मांडतात व पुन्हा अंधारात विश्रांतीस ठेवतात. दालन अंधुक का, अशी तक्रार मुले करतात. तिचे उत्तर हे आहे.

तिसरे कारण उसनवारीचे. एक संग्रहालय आपल्या वस्तू दुसऱ्यास काही मुदतीसाठी देते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात ‘भारत आणि विश्व’ या विषयावर असे प्रदर्शन भरले होते. लंडनचे ब्रिटिश म्युझियम व नवी दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय त्यात सहभागी होते. भारतातील व भारताबाहेरील वस्तू शेजारी शेजारी मांडणे हे त्या प्रदर्शनाचे वैशिष्ट्य होते. तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील दगडी हातकुऱ्हाड आणि पूर्व आफ्रिकेतील ओल्डुवाई येथील हातकुऱ्हाड ही त्यातील एक जोडी. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या माणसांनी आपल्या मुठीत बसेल असा दगड घडविला होता, ही गोष्ट दोन दगड जवळ ठेवताच सांगावी लागत नाही. अशी तुलना घडवून आणणे हे तात्पुरत्या प्रदर्शनाचे खरे काम होय. ते उठले की वस्तू आपापल्या घरी जातात आणि तो योग पुन्हा येत नाही.

थोड्या काळापुरते मांडलेले चित्र ही कल्पना या भागातील मुलांना नवीन नाही. वारली घरी लग्न निघाले म्हणजे शेणामातीने सारवून गेरूने रंगविलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकात पालघट देवी असते व भोवती झाडे, माणसे, पशुपक्षी असतात. लग्न पार पडते, दिवस जातात, पुढच्या सारवणात चौक पुसला जातो. त्या भिंतीवरचे ते प्रदर्शन तेवढ्या काळाचेच असते. पुढे १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर व कापडावर येऊ लागली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी या कामी मोठे नाव मिळविले. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. १९८९ साली पॅरिस येथे जगातील अनेक देशांच्या कलावंतांचे जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात मशे यांची चित्रे होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. पाड्यावरील भिंत आणि पॅरिसचे प्रदर्शन यांच्यामधील ही वाट मुलांना सहलीपूर्वी अवश्य सांगावी.

३. कोठे जावे?

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे या कामी पहिले ठिकाण होय. पूर्वी ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने ओळखले जाई. इमारतीचा पाया १९०५ साली घातला गेला. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला. पहिल्या महायुद्धात इमारतीचा उपयोग सैनिकांच्या रुग्णालयासाठी झाला आणि १९२२ च्या जानेवारीत संग्रहालय लोकांसाठी उघडले. घुमटाची कल्पना विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेली आहे. भिंतींना कुर्ल्याचा काळा-निळसर व मालाडचा पिवळसर दगड वापरला आहे. इमारत हाच मुलांचा पहिला पाठ होऊ शकतो.

त्याच्या शेजारीच जहांगीर कलादालन आहे. ते १९५२ साली सुरू झाले. तेथे स्थायी संग्रह नसून बहुधा दर आठवड्यास नवी प्रदर्शने लागतात व प्रवेशास मूल्य नाही. येथील विशेष लाभ असा की, चित्रकार स्वतः पुष्कळदा आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो. चित्र काढणारा जिवंत माणूस समोर आहे आणि त्याला प्रश्न विचारता येतो, हा अनुभव ग्रामीण मुलास दुर्मिळ आहे. समोरच्या बाजूस सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आहे. अर्धवर्तुळाकार मजल्यांवर तेथे बदलती प्रदर्शने भरतात. ते सोमवारी बंद असते.

राणीच्या बागेला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. ते १८७२ साली उघडले व १९७५ साली त्यास सध्याचे नाव मिळाले. निरनिराळे धंदे करणाऱ्या लोकांच्या मातीच्या लहान प्रतिकृती तेथे आहेत व त्या मुलांना फार आवडतात. बाहेर दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ साली तो हलविताना यारी मोडून त्याचे तुकडे झाले आणि १९१४ साली ते जोडून तो पुन्हा उभा केला गेला. हे संग्रहालय बुधवारी बंद असते.

एका सहलीत ही चारही ठिकाणे घेऊ नयेत. एक स्थायी दालन व एक तात्पुरते प्रदर्शन एवढे पुरे. मोठे वस्तुसंग्रहालय व त्याच्या शेजारचे जहांगीर कलादालन ही जोडी सोयीची पडते.

४. पूर्वतयारी

(अ) शिक्षकाने शक्य तर आधी स्वतः जाऊन यावे. शक्य नसल्यास पत्राने किंवा दूरध्वनीने चौकशी करून त्या दिवशी कोणते प्रदर्शन आहे, ते केव्हा उठणार, शाळांना प्रवेशशुल्कात कोणती सवलत आहे, डबा खाण्यास जागा कोठे आहे, हे विचारून घ्यावे. प्रदर्शनाची मुदत संपल्यावर पोहोचलेल्या शाळेस बंद दार पाहावे लागते.

(आ) शहापूर तालुक्यातील शाळांना आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा वासिंद येथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठता येते. आसनगावाहून सुमारे दोन तास लागतात. मुरबाडकरांना कल्याणपर्यंत एस. टी. ने यावे लागते. टर्मिनसपासून संग्रहालय पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. सकाळच्या चाकरमान्यांच्या गर्दीची वेळ टाळावी. चार तासांहून अधिक प्रवास केलेले मूल लक्ष देऊन फार वेळ पाहू शकत नाही, हे ध्यानात धरून दालनातील वेळ दीड तासाचा ठेवावा.

(इ) सहलीच्या आधी आठ दिवस वर्गात ‘पाहण्याचा’ सराव द्यावा. एखादे सूप, इरले किंवा कणगी मध्ये ठेवून मुलांनी पाच मिनिटे न बोलता पाहावे. नंतर वस्तू झाकून तिच्याविषयी जे आठवेल ते सांगावे. पुन्हा वस्तू उघडून काय राहून गेले ते शोधावे. विणीचे टोक कोठे लपविले आहे, काठ का दुमडला आहे, हे दुसऱ्या वेळी दिसते. हा खेळ तीनदा झाला की मुलांच्या डोळ्यांना सवय लागते.

(ई) हात न लावण्याचा नियम कारणासह सांगावा. हाताच्या घामातील क्षार व तेलकटपणा दगडावर, धातूवर व कागदावर राहतो. एका मुलाच्या हाताने काही होत नाही, पण वर्षात हजारो हात लागतात. गावातील देवळाचा उंबरठा पायांनी कसा झिजला आहे, हे दाखविले म्हणजे नियम पटतो.

५. प्रत्यक्ष दर्शन

वर्गाचे आठ-दहा मुलांचे गट करावेत व प्रत्येक गटास तीनच कलाकृती नेमून द्याव्यात : एक शिल्प, एक लघुचित्र व एक तात्पुरत्या प्रदर्शनातील वस्तू. प्रत्येकीसमोर दहा मिनिटे थांबावे. उरलेल्या वेळात मुलांनी मोकळेपणी फिरावे.

शिल्पासाठी ऐहोळे येथील ब्रह्मदेवाचे शिल्प घेता येईल. ते सातव्या शतकातील मंदिराच्या छतावरील आहे. संग्रहालयात ते डोळ्यांसमोर आहे. मंदिरात ते डोक्यावर होते. मुलांना प्रथम मान वर करून छताकडे पाहावयास सांगावे व मग शिल्पाकडे वळावे. खालून पाहणाऱ्यासाठी कारागिराने काय केले असेल, हा प्रश्न त्यातूनच निघतो. सोपारा येथील अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच संग्रहालयात आहे. ज्यांनी नाणेघाटची हकीकत ऐकली आहे, त्यांनी दोन्ही ठिकाणची लिपी एकच, हे लक्षात घ्यावे.

लघुचित्र मुळात भिंतीवर टांगण्यासाठी केलेले नसते. ते हातात घेऊन, पोथीसारखे जवळ धरून पाहावयाचे असते. म्हणून मुलांना एकेकाने काचेजवळ जाऊ द्यावे. आधी चित्रातील माणसे मोजावीत, मग प्रत्येकजण कोणाकडे पाहतो आहे ते शोधावे. नजरांचा माग काढला की चित्रातील गोष्ट कळू लागते. शिक्षकाने माहितीचा फलक वाचून दाखविण्याची घाई करू नये. प्रथम मुलांनी पाहावे, नंतर बोलावे, आणि शेवटी फलक वाचावा. फलक आधी वाचला म्हणजे मूल उत्तर ऐकून मोकळे होते आणि चित्र पाहावयाचे राहून जाते.

तात्पुरत्या प्रदर्शनात पुढील तीन प्रश्न पुरेत : या वस्तू एकत्र का आणल्या? कोणत्या दोन वस्तू एकमेकींशी बोलतात? यातील एकच वस्तू गावी न्यावयाची तर कोणती, व का? आधुनिक चित्र पाहून ‘हे काय आहे, हे कळत नाही’ असे मूल म्हणाले, तर त्यास गप्प करू नये. काय दिसते, कोणता रंग आधी डोळ्यांत भरतो, रेघ कशी धावते, इतके त्याने सांगितले तरी पुष्कळ झाले. शिक्षकालाही चित्र कळले नसेल, तर त्याने तसे सांगून मुलांबरोबर पाहावे.

६. अनुधावन : शाळेतील आठवड्याचे प्रदर्शन

सहलीचे फळ गावी परतल्यावर दिसावयास हवे. निबंधाऐवजी, किंवा निबंधाबरोबर, शाळेने आठ दिवसांचे प्रदर्शन भरवावे. प्रत्येक मुलाने घरातून एक वस्तू आणावी : काठवट, शिंके, टोपली, आजोबांचा कोयता, मासे धरण्याचा बांबूचा पिंजरा, तारपा, जुनी गोधडी. वस्तू परत द्यावयाची आहे, म्हणून वहीत नोंद करून घ्यावी : वस्तूचे नाव, घराचे नाव, आणल्याचा व परत केल्याचा दिनांक. उसनवारीचा व्यवहार संग्रहालय कसे सांभाळते, याचा हा पाठच होतो.

प्रत्येक वस्तूसाठी मुलाने चार ओळींचा फलक लिहावा : वस्तू काय, कशाची, कोणी केली, कशी वापरतात. करणाऱ्याचे नाव शोधणे हा यातील मुख्य भाग. ‘टोपली’ एवढेच न लिहिता, ती कोणत्या पाड्यावरील कोणत्या आजीने विणली, हे लिहावे. वस्तूंच्या जोड्या लावाव्यात : बांबूचे इरले व प्लास्टिकचा कागद, मातीचे मडके व पत्र्याची घागर. कोणत्या जोडीत काय सारखे, काय निराळे, हे मुलांनी पाहुण्यांस समजावून सांगावे. एका भिंतीवर, शक्य असल्यास, गावातील चौक काढणाऱ्या बाईंना सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून चौक कसा काढतात ते पाहावे. मात्र लग्नाचा चौक हा धार्मिक विधीचा भाग आहे. तो शाळेत काढावा की साधे चित्र काढावे, हे त्यांनीच ठरवावे.

आठव्या दिवशी प्रदर्शन उठवावे व प्रत्येक वस्तू आपल्या घरी पोहोचवावी. रिकाम्या वर्गात मुलांना विचारावे की, आता काय उरले? मुलांनी लिहिलेले फलक उरतात. ते शाळेच्या वहीत चिकटवून ठेवावेत.

७. ज्या शाळा जाऊ शकत नाहीत

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी याच जिल्ह्याच्या जुन्या सीमेत, बोर्डी व कोसबाड येथे, जे काम केले त्यात शाळाच मुलाकडे नेण्याची दृष्टी होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणशाळा चालविली. संग्रहालयाच्या बाबतीतही हा मार्ग मोकळा आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसमध्ये मांडलेले फिरते संग्रहालय सुरू केले. अशा उपक्रमाविषयी केंद्रातील शाळांनी मिळून एकत्र चौकशी करावी. तेही जमले नाही, तरी वर सांगितलेले शाळेतील प्रदर्शन कोणतीही द्विशिक्षकी शाळा पैशावाचून करू शकते.

या पाठाचे मोजमाप मुलाने किती वस्तू पाहिल्या यावर करू नये. एका शिल्पासमोर दहा मिनिटे उभे राहिलेले मूल घरी येऊन आईच्या हातचे सूप उलटून त्याची वीण पाहू लागले, तर सहलीची वर्गणी सत्कारणी लागली असे समजावे.

गटसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या केंद्रातील कोणती वास्तू किंवा वस्तू जपली न गेल्यामुळे नाहीशी होत आहे? तिच्याविषयी मुले काय नोंदवू शकतील?

२. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना सहलीत सामील करून घेण्यासाठी सहलीचा महिना कोणता ठेवावा?

३. दोन वस्तूंची एक जोडी निवडून तिच्यावर वीस मिनिटांचा पाठ तयार करावा.

४. आपल्या शाळेच्या मागील सहलीतील मुलांचे निबंध पुन्हा वाचून, कोणती गोष्ट मुलांनी खरोखर पाहिली होती, ते शोधावे.